विदूषकाचे कपडे सक्तीचे



वसंत व्याख्यानमालेत पंक बँडवर व्याख्यान ठेवण्याचं धाडस संयोजकांनी केलं, त्याचा अर्धा दोष त्यांच्याकडे. बँडचं नाव डेड केनेडीज. आज बोलायचं आहे ते त्यांच्या खोडीच्या पद्धतीवर. ही माणसं संस्थांच्या दाराबाहेर उभं राहून दगड मारत नसत. रीतसर आत जात, अर्ज भरत, नियम पाळत आणि मग त्या घरातल्यांचीच पंचाईत करून ठेवत.

1978 साली सॅन फ्रान्सिस्कोत ईस्ट बे रे नावाच्या गिटारवादकाने बँडसाठी माणसं हवीत अशी जाहिरात दिली. कोलोरॅडोतल्या बोल्डरहून आलेल्या एरिक बाउचरने त्या जाहिरातीला उत्तर दिलं. त्याने स्वतःचं नाव ठेवलं जेलो बियाफ्रा. जेलो हा अमेरिकी घराघरातला गोड थलथलीत पदार्थ, आणि बियाफ्रा हा नायजेरियातून फुटून निघालेला, भुकेने मेलेला प्रदेश. बेस गिटारवर क्लाउस फ्लोराइड होता, आणि 1981 पासून ड्रमवर डी. एच. पेलिग्रो. पहिला कार्यक्रम झाला माबुहाय गार्डन्समध्ये, म्हणजे एका फिलिपिनो खानावळीत, जिथे रात्री पंकवाल्यांचा गोंगाट चाले.

शहराचे दिवस वाईट होते. नोव्हेंबर 1978 मध्ये महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरसेवक हार्वे मिल्क यांना डॅन व्हाइट या माजी नगरसेवकाने नगरभवनातच गोळ्या घातल्या. मिल्क हे उघडपणे समलिंगी असलेले लोकप्रतिनिधी. मे 1979 मध्ये ज्यूरीने व्हाइटला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरवलं. शिक्षा आठ वर्षांच्याही आत. त्या रात्री चिडलेल्या लोकांनी पोलिसांच्या गाड्या जाळल्या. बँडच्या 1980 सालच्या पहिल्या अल्बमवर, ‘फ्रेश फ्रूट फॉर रॉटिंग व्हेजिटेबल्स’वर, जे जळत्या गाड्यांचं छायाचित्र आहे, ते त्याच रात्रीचं.

याच शहरात 1979 च्या शरद ऋतूत बियाफ्रा महापौरपदाला उभा राहिला. वय एकवीस. डायान फाइनस्टाइन तेव्हा मॉस्कोनींच्या जागी आलेल्या महापौर आणि उमेदवार. बियाफ्राचा जाहीरनामा असा: शहराच्या हद्दीत व्यावसायिकांनी विदूषकाचे कपडे घालावेत. लाच घेण्यासाठी अधिकृत मंडळ नेमावं आणि कोणत्या परवान्याला किती, याचे दर जाहीर करावेत. (हसू नका, आपल्याकडे निदान दर तरी तोंडपाठ असतात.) डॅन व्हाइटचे पुतळे उभारावेत आणि लोकांना मारायला अंडी-टोमॅटो पालिकेनेच विकावेत. फाइनस्टाइनबाईंनी हातात झाडू घेऊन रस्ता झाडल्याचा गाजावाजा केला होता. बियाफ्रा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन त्यांच्या घरासमोरची पानं गोळा करायला गेला.

पण याच जाहीरनाम्यात आणखी एक कलम होतं: ज्या वस्तीत पोलीस गस्त घालतो, त्या वस्तीने त्याला मतदान करून निवडावं. आणि दुसरं: कर थकवलेल्या रिकाम्या इमारतींत बेघरांना राहू द्यावं. यात थट्टा कुठे आहे? डॅन व्हाइट पूर्वी पोलीस होता, हे तिथला प्रत्येक मतदार जाणून होता. टवाळीच्या कलमांमध्ये गंभीर कलमं दडवायची, म्हणजे हसता हसता माणूस अडखळतो, ही त्याची युक्ती. त्याला तीन टक्क्यांहून जास्त मतं पडली. मला ही उमेदवारी त्यांच्या बऱ्याचशा गाण्यांपेक्षा सरस वाटते.

1980 च्या मार्चमध्ये बे एरिया म्युझिक अवॉर्ड्सच्या सोहळ्यात बँडला बोलावलं. धंदेवाल्यांना जरा नवेपणाचा रंग हवा होता. फर्माइश होती त्यांच्या ‘कॅलिफोर्निया युबर आलेस’ या गाण्याची. गाणं सुरू झालं आणि काही सेकंदांत बियाफ्राने थांबवलं. बँडच्या मंडळींच्या पांढऱ्या शर्टांवर छातीशी काळा ‘एस’ रंगवलेला. पाठीवरचे काळे टाय पुढे ओढून घेतले आणि छातीवर डॉलरची खूण तयार झाली. मग त्यांनी फक्त त्या रात्रीसाठी रचलेलं गाणं म्हटलं, संगीताच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या गायकाचं. ऐकायला समोर सगळा तोच बाजार बसलेला.

त्यांचा नेम नेहमी डाव्या-उजव्याचा हिशोब बघून नसे. ‘कॅलिफोर्निया युबर आलेस’ हे उदारमतवादी, ध्यानधारणा करणाऱ्या गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्यावर होतं. रेगन अध्यक्षपदी निवडून आल्यावर तेच गाणं शब्द बदलून रेगनवर आणलं. ‘हॉलिडे इन कंबोडिया’ने सुखवस्तू, पुरोगामी कॉलेजकुमारांना धरलं. आणि 1981 मध्ये आपल्याच कार्यक्रमांत घुसून मारामाऱ्या करणाऱ्या नाझी चिन्हवाल्या पोरांना शिवी घालून हाकलणारं गाणं केलं. त्याचं नाव या व्यासपीठावरून घेता येत नाही. स्वतःच्या प्रेक्षकाला दुखवायला राज्यकर्त्याला दुखवण्याहून जास्त हिंमत लागते, कारण तिकीट तो काढतो.

मग एकदा संस्थाच त्यांच्या घरात आली. 1985 च्या ‘फ्रँकनक्राइस्ट’ अल्बममध्ये स्विस चित्रकार एच. आर. गिगर यांचं जननेंद्रियांच्या रांगांचं चित्र पोस्टर म्हणून घातलं होतं. वेष्टनावर तशी सूचनाही होती. त्याच वर्षी गाण्यांच्या शब्दांवरून टिपर गोर आदी राजकारण्यांच्या पत्नींनी अमेरिकी सिनेटपर्यंत प्रकरण नेलं होतं, त्यामुळे हवा तापलेली होती. एका मुलीने तो अल्बम आपल्या धाकट्या भावासाठी घेतला, आईने तक्रार केली. एप्रिल 1986 मध्ये पोलिसांनी बियाफ्राच्या घराची झडती घेतली. अल्पवयीनांना हानिकारक साहित्य पुरवल्याचा आरोप. जास्तीत जास्त एक वर्ष कैद आणि 2000 डॉलर दंड. 1987 च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला खटला चालला. ज्यूरीचं एकमत झालं नाही, बहुमत सुटकेच्या बाजूचं होतं, आणि न्यायाधीशांनी प्रकरण निकालात काढलं. पण तोवर बँड फुटलेला होता. यातले सरकारी वकील मायकेल ग्वारिनो यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की तो खटला भरायलाच नको होता.

कोर्टाची पायरी मात्र सुटली नाही. 1998 मध्ये तिघा जुन्या सोबत्यांनी बियाफ्रावर दावा लावला: त्याच्या अल्टरनेटिव्ह टेंटॅकल्स या कंपनीने मानधनाचे पैसे कमी दिले. बियाफ्राचं म्हणणं, लिव्हाइसच्या पँटच्या जाहिरातीला ‘हॉलिडे इन कंबोडिया’ द्यायला मी नाही म्हटलं, त्याचा हा राग. ज्यूरीने 2000 साली तिघांच्या बाजूने कौल दिला, अपिलातही तो टिकला. माझं मत विचाराल, तर दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात: हिशोबात चूक झाली आणि जाहिरातीवरून बिनसलंही. 2001 पासून डेड केनेडीज या नावाने तिघे नव्या गायकाला घेऊन कार्यक्रम करू लागले. त्याच्या आदल्या वर्षी बियाफ्राने ग्रीन पक्षाकडे अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी मागितली होती. ती राल्फ नेडर यांना मिळाली.