दार कुठल्या बाजूला उघडतं?

गेल्या वेळी सहज बोलून गेलो की मी संध्याकाळी आगीचा कोर्स करतोय. त्यावर "तुला काय झालं?" असेच जास्त मेसेज आले. म्हणून आज तेच सांगतो.

दिवसा मी कॅलिफोर्नियात कोड लिहितो आणि आठवड्यातून दोनदा कम्युनिटी कॉलेजात जातो. इथे दोन वर्षांचे अभ्यासक्रम असतात, फी परवडते आणि प्रवेश जवळजवळ कुणालाही मिळतो. माझ्या शेजारी फायरफायटर व्हायचंय असा एकोणीस वर्षांचा पोरगा, मागे एक इलेक्ट्रिशियन बाई, आणि शिकवणारे सर म्हणजे निवृत्त फायर कॅप्टन. मला वाटलेलं, शिड्या, पाइप, सायरन असं काहीतरी असेल. पण आग प्रतिबंध या विषयात अर्धा वेळ दारांवरच जातो!

शिकागोचं इरोक्वा थिएटर घ्या. ३० डिसेंबर १९०३. नवंकोरं, 'फायरप्रूफ' म्हणून जाहिरात केलेलं. नाताळच्या सुट्टीतला दुपारचा खेळ, बायका-मुलांनी खच्चून भरलेला. स्टेजवरच्या दिव्याने पडदा पेटला. सहाशेहून जास्त माणसं गेली. इमारत मात्र बऱ्यापैकी शाबूत राहिली. काही दारं पडद्यांमागे झाकलेली, काहींना कुलूप, काहींच्या कड्या कुणाला उघडताच येईनात. आणि काही दारं आतल्या बाजूला उघडणारी. मागून गर्दी रेटतेय, दार आत ओढायचं कसं?

कार्ल प्रिन्झलर नावाचा हार्डवेअर विकणारा माणूस त्या खेळाला जाणार होता, ऐनवेळी राहिला. पुढे त्याने हेन्री ड्यूपाँट या आर्किटेक्टला बरोबर घेऊन दारावरचा आडवा दांडा बनवला. मल्टिप्लेक्सच्या एक्झिटला बघितला असेल, त्याला पॅनिक बार म्हणतात. अंगाचा भार पडला की दार उघडतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले युझरला दहा पॉप-अप दाखवतो. इथे युझरला धुरात दिसतच नाही, हे धरून डिझाइन केलंय. मला ते फार आवडलं.

त्या रात्री ठाण्याला फोन लावला. तिकडे सकाळ, बाबांचा चहा चाललेला. विचारलं, "बाबा, बेडरूमच्या ग्रिलला जे छोटं दार आहे, त्याच्या कुलपाची किल्ली कुठंय?"

बाबा म्हणाले, "आईला विचार."

आई म्हणाली, "कपाटात, लॉकरच्या किल्ल्यांबरोबर. का रे?"

मग जिन्याचा विषय काढला. प्रत्येक मजल्यावर शू-रॅक, आमच्या मजल्यावर वर जुनी सायकलही. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे लागलं त्यांना. "जुलैचं फायरचं सर्टिफिकेट दिलंय आपण," म्हणाले. खरंय. महाराष्ट्रात २००६ चा कायदा आहे, दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पण त्या कागदानंतर चार दिवसांनी जिन्यात कोण काय ठेवतं, ते रोज तिथे राहणाऱ्यांनाच दिसतं. मी हे बोललो आणि आवाज जरा चढला. आजीला आता काठी लागते, ती या जिन्याने अंधारात कशी उतरेल, हेच डोक्यात होतं. बाबांनी फोन ठेवला.

दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला, खाली एक शब्दही नाही. ग्रिलच्या आतल्या बाजूला, बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्याला, लाल दोरी बांधलेली किल्ली.

सायकल खाली गेलीय. शू-रॅक अजून तिथेच आहे, शेजारच्या काकांशी बोलणं चालू आहे म्हणे.