पाणी, पदर आणि पोहणें

बांगलादेशाच्या सखल प्रदेशांत घर बांधावयाचें म्हणजे प्रथम माती खणावी लागते. पावसाळ्यांत पाणी घरांत शिरूं नये म्हणून जोत्याला उंची द्यावयाची, आणि जेथून माती काढली तेथें तळें व्हावयाचें, अशी तेथील जुनी रीत आहे. त्यामुळें घर आणि पाणी यांचें अंतर पुष्कळदां दहापांच पावलांचेंच असतें. सकाळीं नऊनंतर बाप शेतावर गेलेला, थोरलीं भावंडें शाळेंत, आई चुलीपाशीं. आणि नुकतें चालूं लागलेलें मूल अंगणांत एकटें. नऊ ते एक या चार तासांतच तेथें सर्वांत अधिक मुलें बुडतात.

या मृत्यूचें भयंकर लक्षण म्हणजे त्याची शांतता. बुडणारें माणूस ओरडतें, हात हालवितें, ही समजूत बहुधा खोटी ठरते. जेथें श्वासच घेतां येत नाहीं, तेथें हांक कोठून निघणार? शेजारच्या खोलींतील आईलाही कांहीं ऐकूं येत नाहीं. त्यासाठीं तळें किंवा विहीरच लागते असेंही नाहीं. लहान मुलाचें डोकें अंगाच्या मानानें जड असतें. अर्ध्या भरलेल्या बादलींत तें तोल जाऊन पडलें, तर त्याला स्वतःला वर उचलतां येत नाहीं. आणि बादली तर प्रत्येक न्हाणीघरांत असतेच.

मग तान्हेपणींच पोहणें कां शिकवूं नये, असा प्रश्न साहजिक उद्भवतो. तान्हें मूल पाण्यांत धरलें असतां तालांत हातपाय हालवितें, ही गोष्ट अमेरिकेंतील मर्टल मॅग्रॉ यांनीं १९३९ सालीं नोंदून ठेवली आहे. परंतु ही उपजत हालचाल म्हणजे पोहणें नव्हे. कांहीं महिन्यांत ती मावळते. आणि ती असतांनाही मुलाला श्वासासाठीं डोकें वर काढतां येत नाहीं. तान्ह्यांना पाठीवर तरंगावयास शिकविणारे वर्ग अमेरिकेंत आहेत. तथापि तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१९ सालीं सांगितलें कीं, एक वर्षाच्या आंतील मुलांचा बुडण्याचा धोका अशा शिक्षणानें कमी होतो, याला पुरावा नाहीं. एक वर्षानंतर मात्र, मुलाची वाढ पाहून, शिक्षणाचा उपयोग होऊं शकतो.

बांगलादेशांत या शतकाच्या पहिल्या दशकांत जें कार्य सुरू झालें, त्यांत हा वयाचा विवेक चांगला पाळलेला दिसतो. एक ते पांच वर्षांच्या मुलांसाठीं गांवांतीलच एखाद्या बाईच्या घरीं सकाळीं नऊ ते एकपर्यंत पाळणाघर चालतें. त्याचें नांव ‘आंचल’, म्हणजे पदर. आणि त्या बाईला ‘आंचल-मा’ म्हणतात. तेथें गाणीं, गोष्टी, खेळ चालतात आणि एक नजर सतत मुलांवर असते.

चार ते बारा वर्षांच्या मुलांना गांवच्या तळ्यांत पोहणें शिकवितात. तळ्यांत बांबूंचा मंच बांधून मुलांच्या पायांखालीं आधार दिलेला असतो. शेवटीं मुलाला २५ मीटर पोहतां आलें पाहिजे, अर्धा मिनिट तरंगतां आलें पाहिजे, आणि बुडणाऱ्याला कांठावरूनच मदत करतां आली पाहिजे. यांतील तिसऱ्या गोष्टीचें मोल फार मोठें आहे. भावाला वांचवावयास उडी टाकणारी बहीण पुष्कळदां त्याच्याबरोबरच जाते. म्हणून मोठ्यानें हांका माराव्या, बांबू किंवा लुगडें पुढें करावें, परंतु आपण पाण्यांत उतरूं नये, हा धडा मुलांकडून गिरवून घेतात.

२०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, आंचलांतील मुलांमध्यें बुडून मरण्याचें प्रमाण इतरांहून शेंकडा ८० पेक्षां अधिक, आणि पोहणें शिकलेल्या मुलांमध्यें शेंकडा ९० पेक्षां अधिक कमी आढळलें. लहानग्यांना राखण आणि शाळकरी मुलांना पोहण्याचें शिक्षण, हीच वांटणी पुढें जागतिक आरोग्य संघटनेनेंही पुरस्कारिली.

महाराष्ट्राला हा मार्ग परका नाहीं. कमरेला वाळलेला भोपळा बांधून मुलाला विहिरींत सोडावें, आणि मामानें किंवा आजोबांनीं कांठावर उभें राहावें, ही येथली जुनी चाल. आतां शहरांत पोहण्याचे तलाव आहेत, शिक्षक आहेत. परंतु शुल्क भरलें म्हणजे काळजी संपली, असें आईबापांना वाटूं लागतें, आणि तेथेंच चूक होते. तलावाच्या स्वच्छ, स्थिर पाण्यांत शिकलेलें मूल नदीच्या ओढींत किंवा शेवाळलेल्या कांठावर तितकेंच सुरक्षित असतें असें नाहीं. पोहणें येणें ही ढाल खरी, पण ती पाण्याकाठीं एकटें सोडण्याचा परवाना नव्हे.

घरांतील कर्तव्य तर याहून सोपें आहे. स्नान आटोपतांच बादली रिकामी करून पालथी घालावी. टांकीवर झांकण असावें. न्हाणीघराला कडी असावी. सहलीला दहा मंडळी गेलीं, तरी पाण्याकाठीं मुलांवर लक्ष ठेवणारें माणूस नांव घेऊन ठरवावें, आणि त्यानें त्या वेळीं दुसरें कांहीं करूं नये. सगळेच आहेत म्हणून कोणीच पाहत नाहीं, अशा क्षणींच मुलें हातचीं जातात.