आधी काच, मग सुई

काळभैरवनाथाच्या सोनारीत जमलेले पशुवैद्यक मित्रहो आणि परंडा तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवरून सकाळच्या धारा आटोपून आलेले पशुपालक बंधू-भगिनींनो,

या परिषदेचा अध्यक्ष म्हणून आज एकाच आजारावर बोलतो: अ‍ॅनाप्लाझ्मोसिस. गाय तापली आणि अंगावर गोचीड दिसले की आपण ‘गोचीड ताप’ म्हणतो आणि लगेच इंजेक्शन भरतो. पण गोचिडांमार्फत गोठ्यात तीन वेगळे ताप येतात. थायलेरिया आणि बबेशिया हे आदिजीव, तर अ‍ॅनाप्लाझ्मा हा जिवाणू. पहिल्याला बुपारव्हाक्वोन लागतं, दुसऱ्याला डायमिनाझिन आणि तिसऱ्याला ऑक्सिटेट्रासायक्लिन. औषध चुकलं तर पैसा जातोच, पण हाताशी असलेले मोलाचे दिवसही जातात.

ही गल्लत थोरामोठ्यांचीही झाली आहे. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी गोचिडामुळे गुरांना ताप येतो हे 1893 मध्ये सिद्ध केलं. गोचिडासारखे संधिपाद जीव रोग पसरवतात, याचा हा पायाभूत पुरावा. त्यांना तांबड्या पेशींच्या कडेला बारीक ठिपके दिसले होते, पण ते त्यांनी बबेशियाचीच एक अवस्था मानले. दक्षिण आफ्रिकेत अर्नोल्ड थायलर यांनी 1910 मध्ये तो वेगळा रोग असल्याचं दाखवलं. थायलेरियाला नाव मिळालं ते याच थायलरांचं.

गोठ्यात ओळखायचं कसं? बबेशियात लघवी कॉफीसारखी होते. थायलेरियात खांद्यापुढच्या गाठी सुजतात. अ‍ॅनाप्लाझ्मात लघवी लाल होत नाही. ताप चढतो, दूध एकदम उतरतं, हिरड्या आणि डोळ्यांच्या पापण्या आतून फिकट पडतात, मग पिवळट दिसतात, शेण घट्ट होतं. अशा गायीला दवाखान्यापर्यंत चालवत नेऊ नका. रक्त इतकं कमी झालेलं असतं की त्या दमणुकीनेच ती वाटेत कोसळते. डॉक्टरांनाच गोठ्यावर बोलवा.

पण नुसत्या लक्षणांवर विसंबू नका, कारण दोन रोग एकाच गायीत असू शकतात. रक्ताची काच करा. कानाच्या टोकाचे केस कापा, स्पिरिटने पुसून वाळू द्या आणि बारीक शिरेला टोचा. थेंब काचेच्या एका टोकाला घ्या, दुसरी काच तिरकी धरून एका दमात पुढे सरकवा. थर जाड झाला की पेशी एकमेकींवर चढतात, मग काही कळत नाही. वाळल्यावर मिथेनॉल, मग जिम्सा रंग, मग तेलाचं भिंग. तांबड्या पेशीच्या अगदी कडेला टाचणीच्या टोकासारखा गडद ठिपका दिसेल. नवख्याला रंगाचे कणही तसेच वाटतात, म्हणून एका ठिपक्यावर निदान करू नका, काच फिरवून पाहा.

आता आपल्या हातातली गोष्ट. अ‍ॅनाप्लाझ्मा केवळ गोचिडातून पसरत नाही. चावऱ्या माश्या, शिंगं कापायची हत्यारं आणि रक्ताने माखलेली सुई यांतूनही तो एका जनावरातून दुसऱ्यात जातो. एकाच सुईने सगळी दावण टोचणं म्हणजे रोग वाटणं आहे. लसीकरण असो वा उपचार, प्रत्येक जनावराला नवी सुई हवी, याला माझ्या मते अपवाद नाही.

बरी झालेली गायही पुढे वर्षानुवर्षं जंतू बाळगते, आणि वरून धडधाकट दिसते. बाजारातून आणलेली गाय म्हणूनच थेट दावणीला बांधू नये. वासरांना हा आजार सहसा सौम्य होतो, पण दोन-तीन वर्षांपुढच्या गायीला भारी पडतो. संकरित एचएफ, जर्सीचे हाल आपल्या खिलार, देवणीपेक्षा जास्त होतात. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या. अनेक गावांची जनावरं दाटीवाटीने उभी राहिली की गोचिडाला यजमान शोधावा लागत नाही. पुढच्या छावणीच्या आराखड्यात चारा-पाण्याच्या बरोबरीने गोचीड नियंत्रण लिहिलेलं असलं पाहिजे.

गायींच्या अंगावर सर्रास आढळणाऱ्या गोचिडाची मादी रक्त पिऊन खाली पडते आणि भेगेत दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणून नुसती गाय फवारून भागत नाही. भिंतीच्या भेगा बुजवा, गव्हाणीखालची जागा साफ करा, सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा. औषधाचं प्रमाण मनाने वाढवू नका किंवा घटवू नका, आणि दूध किती दिवस विकायचं नाही ते डॉक्टरांना विचारा. गोचीड बोटांनी चिरडूही नका. काही जातींचे गोचीड क्रिमियन-काँगो तापाचा विषाणू वाहतात, आणि तो ताप माणसाचा जीव घेतो. गुजरातने 2011 मध्ये ते पाहिलं आहे.

परिषदेने ठराव करावा असं माझं आग्रहाचं मागणं आहे: तालुक्यातल्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात चालू स्थितीतलं सूक्ष्मदर्शक, काचा आणि जिम्सा रंग असावा, आणि काच पाहिल्याशिवाय गोचीड तापाचं निदान कागदावर चढू नये. पशुपालकांनो, गाय तापली की 1962 ला फोन करा, आणि डॉक्टर आले की पहिलं विचारा, ‘काच केलीत का?’