उलटा कटर आणि दहा बोटे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



म्हसवडसारख्या माणदेशी गावात नांगर, कुळव, पाभर ही अवजारे पूर्वी बाभळीची आणि सुताराच्या हातची असत. वाकस, किकरे, पटाशी, रंधा ही त्याची हत्यारे. ओंडका मोठा असला, तर करवतीच्या दोन टोकांना दोन माणसे लागत. हात थांबला की करवत थांबायची. विजेची करवत मात्र हात थांबला, घसरला, तरी फिरतच राहते.

तयार टेबल करवत महाग पडते. म्हणून घरच्या पडवीत एक युक्ती केली जाते. फरशी कापायचा चार इंची कटर प्लायवुडच्या फळीखाली उलटा बांधायचा, खाचेतून पाते वर काढायचे आणि बटण दाबून अडकवून ठेवायचे. काम झटपट होते, हे खरे. पण हा कटर हातात धरून फरशीवर चालवण्यासाठी बनवलेला असतो. उलटा केला की पाते उघडे पडते. ते मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेते, म्हणजे त्याचे दात ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने धावतात. दचकून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात पाते चाळीस वेळा फिरलेले असते.

दुसरा धोका उलट्या झटक्याचा. पात्याचे पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे दात वर उचलतात. फळी किंचित तिरकी झाली, किंवा बाभळीसारखे पिळाचे लाकूड कापता कापता मिटले, की मागचे दात ते पकडून कापणाऱ्याच्या अंगावर फेकतात. अशा वेळी फळीबरोबर हातही पात्यावर ओढला जातो. सिद्धनाथाच्या यात्रेत रथाच्या चाकापुढे कुणी उभे राहत नाही. तसेच पात्याच्या सरळ रेषेत उभे राहू नये, थोडे बाजूला उभे राहावे. पलीकडून फळी ओढायला घरातल्या पोराला तर मुळीच उभे करू नये.

तिसरा धोका आपल्याकडचा. काम चालू असताना वीज जाते. पाते थांबते, माणूस चहाला जातो. परत येऊन अडकलेला तुकडा काढायला हात घालतो आणि तेवढ्यात वीज येते. बटण अडकवलेलेच असते! म्हणून वीज गेली की आधी प्लग काढावा. पाते बदलतानाही तेच करावे.

यावरचे उपाय जुनेच आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्याने फिरत्या यंत्रांना आडोसा सक्तीचा केला. त्याखालच्या नियमांत गोल करवतीसाठी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: पात्यावर झाकण, पात्यामागे लाकूड मिटू न देणारी पोलादी पट्टी आणि फळी पुढे सारायला काठी. पण घरच्या पडवीत निरीक्षक येत नाही. तिथे निरीक्षक आपणच.

अमेरिकेत टेबल करवतीने दरवर्षी सुमारे तीस हजार माणसे जखमी होतात, असा तिथला अंदाज आहे. तिथे स्टीव्ह गॅस यांनी १९९९ साली एक युक्ती शोधली. कातडीचा स्पर्श होताच पाते पाच-एक मिलिसेकंदांत थांबते. अशी करवत आपल्या सुताराच्या आवाक्याबाहेरची आहे, पण दीड फुटाची ढकलकाठी रद्दी लाकडातून फुकट होते. चिंचोळी पट्टी कापताना बोटांऐवजी ती पुढे जाऊ द्या. पाते लाकडाच्या वर दाताएवढेच ठेवा. जुन्या लाकडातले खिळे आधी काढा. हातमोजे घालू नका. पाते ते पकडते आणि हात ओढून नेते. पदर, उपरणे, सैल बाही आवरून घ्या. डोळ्यांना चष्मा लावा.

आणि उलटा बांधलेला कटर सोडवाच. लाकडासाठी वेगळी विजेची हातकरवत मिळते. तिचे खालचे झाकण काप संपताच आपोआप पात्यावर येते. फळी टेबलाला शिकंजाने घट्ट आवळून ती वरून चालवा. जाड ओंडका असेल, तर तो सरळ वखारीत न्या.

तरीही अपघात झालाच, तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात उंच ठेवा. हळद, कॉफी भरू नका. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घाला, तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ बोटाला थेट लावू नका. १०८ ला फोन करा. म्हसवडहून साताऱ्याच्या किंवा पंढरपूरच्या मोठ्या रुग्णालयाची वाट तास-दोन तासांची आहे. बोट थंड राहिले, तर ते जोडता येण्याची आशा त्या वाटेवर टिकते.

सुताराची दहा बोटे म्हणजे त्याच्या घरची चूल. रविवारी काम बंद असेल. फळीखाली वाकून एकदा बघा, तिथे काय बांधले आहे ते.