दोन आठवडे आणि सव्वाचार वर्षं
(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

भिवंडीला धामणकर नाक्याजवळ माझा दवाखाना आहे. बाहेर ट्रक-टेम्पोंचे भोंगे, मागच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट. रोग्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की कधी कधी हृदयाआधी मागच ऐकू येतो!

गेल्या महिन्यात माझी भाची आली. वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आफ्रिकेतल्या एका देशात दोन आठवड्यांच्या आरोग्य शिबिराला तिला स्वयंसेवक म्हणून जायचं होतं. खर्च ज्याचा त्यानं करायचा, आणि तो काही थोडाथोडका नव्हता. "मामा, दृष्टी बदलते म्हणतात. तू बाबांना सांग ना." मला चटकन हो म्हणता येईना, आणि नाहीही म्हणवेना. कारण परदेशी सेवेला जाऊन पार बदलून गेलेला एक विद्यार्थी तर आपल्याच मुलखातला.

द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१०, सोलापूर. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि पुढचं शिक्षण घेत होते. १९३७ साली जपाननं चीनवर चढाई केली. चिनी सेनापती जू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली, आणि सप्टेंबर १९३८मध्ये काँग्रेसचं पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीनं निघालं. प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे वयस्कर डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि हे सत्तावीस वर्षांचे कोटणीस. तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली. कोटणीस परतले नाहीत. चोळकर, मुखर्जी, मग अटल असे एकेक जण मायदेशी आले. बसूही १९४३मध्ये आले. कोटणीस मात्र तिथलेच झाले.

व्ही. शांतारामांच्या १९४६च्या चित्रपटामुळे ही कहाणी पुष्कळांना ठाऊक आहे. मला त्यातली एक साधी गोष्ट फार मोठी वाटते. हा माणूस चिनी भाषा शिकला. कामचलाऊ नव्हे, विद्यार्थ्यांना चिनीतून शस्त्रक्रिया शिकवण्याइतकी! डॉक्टर झालेला माणूस पुन्हा मुळाक्षरं गिरवायला बसला. लोकांनी त्यांना नावही तिथलंच दिलं, 'के दी-ह्वा'.

भाषेवर मी एवढा अडून का बसतो, तर माझीच फजिती सांगतो. दवाखाना नवा होता. आमच्या नाक्यालगत पद्मानगर आहे, तेलुगू विणकरांची मोठी वस्ती. तिथली एक बाई आली. डोळ्यांकडे बोट करून म्हणाली, "कळ्ळु तिरुगुतुन्नायि." मी डोळे तपासले आणि थेंब लिहून दिले. चार दिवसांनी पुन्हा तीच बाई, पुन्हा तेच बोट. शेवटी माझा कंपाउंडर, तो पद्मानगरचाच, हसू दाबत म्हणाला, "डॉक्टर, तिला चक्कर येतेय." तेलुगूत चक्कर आली की 'डोळे फिरतात'. आपल्याकडे डोळे फिरले की माणूस मस्तवाल होतो! बाईच्या अंगात रक्त कमी होतं, आणि मी चार दिवस तिच्या डोळ्यांत थेंब घालत होतो. ही माझ्या घरापासून पाच मिनिटांवरची गोष्ट. तिथे आफ्रिकेत काय होईल?

म्हणून भाचीला मी दोनच प्रश्न विचारले. इथे ज्या हातात अजून सुई देत नाहीत, त्या हाताला तिथे टाके घालू देणार आहेत का? आणि देणार असतील, तर टाके काढायच्या दिवशी तू कुठे असशील? छोटी शिबिरं वाईटच असतात असं नाही. मोतीबिंदूच्या शिबिरांनी कितीतरी म्हाताऱ्यांना नातवंडांची तोंडं दाखवली आहेत. पण मागे रोज रोगी बघणारं माणूस तिथलं लागतं. ते नसेल तर रोग्याच्या पदरात फार काही पडत नाही. आपला मात्र फोटो होतो.

कोटणीस मागे राहिले. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोट कापून रक्तदोषानं १९३९मध्ये गेले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रं १९४१मध्ये कोटणिसांकडे आली. तिथेच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं. मुलाचं नाव 'इन्-ह्वा'. 'इन्' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यानं कोटणीस गेले. वय बत्तीस. तो मुलगाही पुढे वैद्यकीय शिक्षण घेता घेताच वारला.

भाची ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, म्हणजे मी तिकडे मरेपर्यंत राहू?" उत्तर मला सुचलं नाही, खरं सांगतो. तिचं बरोबरच होतं. तिला परीक्षा आहेत, घर आहे, आणि कोटणीस होण्याची सक्ती कोणावर कशी करायची?

तिचा फॉर्म अजून तिच्या पिशवीतच आहे. पैसे भरायला महिनाभर अवकाश आहे म्हणते. पण सध्या रविवारी सकाळी ती दवाखान्यात येऊन कंपाउंडरजवळ बसते, वही घेऊन. पहिला शब्द लिहिला आहे 'दग्गु', म्हणजे खोकला. मागच्या धुळीत काम करणाऱ्यांच्या या गावात तो पहिला लागणारच. परवा एका आजींना तिनं तेलुगूत विचारलं, खोकला किती दिवसांपासून? आजींनी उत्तर दिलं ते भलं लांबलचक, सगळ्या घरादाराचं. भाचीला त्यातलं अक्षरही कळलं नाही. पण आजी काही थांबेनात.