शिंपला परत समुद्राला



चोराच्या मागावर असणारा अंमलदार आपल्या परिचयाचा आहे. परंतु कालवांची राखण करण्यासाठी नेमलेला अंमलदार आपण क्वचितच पाहिला असेल. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉड नावाची भूमीची एक चिंचोळी पट्टी समुद्रात शिरलेली आहे. तिच्यावरील वेलफ्लीट या लहानशा गावात असा अंमलदार असतो. ‘शेलफिश कॉन्स्टेबल’ हे त्याचे अधिकृत नाव. ओहोटी लागली की तो चिखलात उतरतो, लोकांचे परवाने पाहतो आणि त्यांच्या टोपलीतील कालवांना माप लावतो. तीन इंचांहून लहान असलेले कालव घरी नेण्याची मुभा नाही. ते होते तेथे परत ठेवावे लागते.

एवढा कडकपणा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या गावाच्या इतिहासात आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी शाँप्लँ हा फ्रेंच प्रवासी त्या किनाऱ्यावर आला, तेव्हा तेथील विपुलता पाहून त्याने या बंदराला ‘कालवांचे बंदर’ असेच नाव दिले. परंतु १७७० च्या सुमारास तेथील कालवे मरून गेली. त्याची कारणे निरनिराळी सांगितली जातात; परिणाम मात्र एकच झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडील खाड्यांतून गलबते भरभरून कालवे आणावी लागली आणि आपल्याच बंदरात ती पोसून विकावी लागली. ज्या गावाचे नावच कालवांवरून पडले होते, त्याच्यावर कालवे उसनी आणण्याची पाळी आली!

ती आपली आपण वाढवावयाची, तर त्यांचा जीवनक्रम जाणला पाहिजे. उन्हाळ्यात पाणी उबदार झाले की मादी लक्षावधी अंडी पाण्यात सोडते. त्यांतून निघालेली सूक्ष्म पिल्ले दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर वाहत राहतात. त्यानंतर त्यांना बूड टेकावयास एखादी कठीण, स्वच्छ जागा लागते. ती मिळाली तर पिल्लू तेथे जन्मभरासाठी चिकटते; नुसता चिखल मिळाला तर गुदमरून मरते. आणि त्यांना मानवणारी जागा कोणती म्हणाल, तर पूर्वजांचा रिकामा शिंपला!

म्हणजे आपण कालव खाऊन शिंपला उकिरड्यावर फेकतो, तेव्हा केवळ एक कालव संपत नाही. पुढच्या पिढीचे अंथरूणही आपण काढून घेतो. हे ओळखून वेलफ्लीटमध्ये खाणावळींतून व घरांतून रिकामे शिंपले गोळा केले जातात. रोग पसरू नये म्हणून ते काही काळ उन्हापावसात पडू देतात आणि विणीच्या हंगामापूर्वी बंदराच्या तळावर पसरतात. बी पेरण्यापूर्वी शेतकऱ्याने जमीन तयार करावी, त्यातलाच हा प्रकार.

मात्र शिंपले आणि मापे यांनीच सर्व साधते असे नाही. कालव पाणी गाळून जगते. म्हणून पाण्यातील घाणही त्याच्या अंगी उतरते. ऑक्टोबर २०१६ मध्ये नोरोव्हायरसची बाधा आढळल्यावर वेलफ्लीटची शेते काही काळ बंद ठेवावी लागली. ज्यांनी नियम पाळले होते, त्यांचीही रोजी त्या दिवसांत बुडाली. घराघरांतील सांडपाण्याची व्यवस्था हीदेखील समुद्राच्या शेतीचीच एक बाजू आहे, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

आपल्याकडील परिस्थिती थोडी वेगळी आहे. गोव्यातील जुन्या वास्तूंच्या भिंतींत शिंपल्यांचा चुना आहे आणि खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने आहेत; आपण शिंपला घेतला तो बहुधा घेण्यासाठीच. शिवाय आपल्या तिसऱ्या वाळूचिखलात राहतात, कालवांप्रमाणे चिकटत नाहीत. त्यांना शिंपल्यापेक्षा विसावा अधिक उपयोगी. केरळातील अष्टमुडी सरोवरात १९९० नंतरच्या दशकात तिसऱ्यांचे उत्पन्न घसरले, तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी हे विणीचे महिने तेथे बंद ठेवण्यात आले आणि जाळ्याच्या छिद्रांचे किमान माप ठरविण्यात आले. २०१४ साली त्या सरोवराला शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातील ते पहिलेच होय.

सामायिक मालकी ही काही आपणांस नवी गोष्ट नाही. गोव्यातील गावकऱ्यांनी शतकानुशतके खाजनाचे बांध राखले, मानशींची दारे भरतीओहोटी पाहून उघडली व मिटली. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, असे त्यांनी कधी मानले नाही. पाण्याखालच्या शेताविषयी मात्र आपण अजून तसा विचार करीत नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

पुढच्या खेपेला तिसऱ्यांचा वाटा घेताना त्यातील लहानग्या तिसऱ्यांकडे क्षणभर पाहावे. वेलफ्लीटच्या त्या अंमलदाराचे माप आपल्या हाती नसेल. पण हे पिल्लू घ्यावे की ठेवावे, हे विचारण्यास मापाची गरज नाही.