रुळाचे वळण

ज्यांनी मुंबईची किंवा कलकत्त्याची ट्राम पाहिली, त्यांच्या कानांत तिच्या घंटेबरोबर वळणावरची ती कर्कश किंकाळीही असते. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. जुन्या माणसांच्या स्मरणात आवाज तेवढा उरला. वंगण कमी पडले की चाक असे ओरडते, अशी आपली समजूत. परंतु त्याचे मूळ भूमितीत आहे. दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसविलेली. त्यांचे फेरे सारखेच व्हावयाचे. काटकोनात वळताना मात्र बाहेरचा रूळ आतल्याहून सुमारे सव्वादोन मीटर लांब भरतो. गंमत अशी, की वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. ऐसपैस वळणात तो लांबवर वाटला जाऊन चाकाच्या निमुळतेपणाने भरून निघतो. चौकातल्या पंचवीस मीटर त्रिज्येत तो भरून निघत नाही. चाक घसटते. शिवाय बोगीतले समांतर आस वळणाच्या रोखाशी तिरके राहतात, म्हणून चाक आडवेही सरकते; ओरडते ते मुख्यतः त्यामुळे.

आगगाडीचा अभियंता डोंगर फोडील, बाहेरचा रूळ उंच करून डबा आत कलता करील. ट्रामच्या, किंवा आज जिला लाइट रेल म्हणतात त्या तिच्या नातीच्या, अभियंत्याला हे स्वातंत्र्य नाही. रस्ता साऱ्यांचा; तेथे एक रूळ उचलला तर मोटारींना हिसका आणि पावसाचे पाणी तुंबलेले. म्हणून वेग उतरवावा लागतो. पंचवीस मीटरच्या वळणावर ताशी अठरा किलोमीटर म्हणजे उभ्या प्रवाशाला सोसेल अशी जवळजवळ शेवटची मर्यादा.

तेवढाही रेटा एकदम आला तर हातात पिशवी घेऊन उभी असलेली आजी तोल जाऊन पडेल. यासाठी सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये क्रमाक्रमाने वाकत जाणारा संक्रमण वक्र घालतात. बारा मीटरचा तो वक्र घातला, की मूळ वळण सुमारे पाव मीटर आत सरकते. दोन बोगींत सात मीटर अंतर असेल, तर डब्याचे पोट आणखी पाव मीटर आत येते. झाला अर्धा मीटर! तो कोपऱ्यावरच्या पदपथातून घ्यावयाचा, की आजीच्या तोलातून? नकाशावर ही रेघ पुसता येते. एकदा काँक्रीट पडले, की पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते.

लंडनजवळच्या क्रॉयडनची गोष्ट याहून गंभीर. तेथील ट्राम २००० साली सुरू झाली, काही भागात जुन्या आगगाडीच्या मार्गावरून. बोगद्यांतून वेगाने येणारा सरळ रूळ बाहेर पडताच तीस मीटर त्रिज्येच्या वळणात शिरत होता. मर्यादा ताशी वीस किलोमीटर. ९ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे, अंधारात आणि पावसात, एक ट्राम तेथे ताशी त्र्याहत्तरच्या वेगाने आली. बाजूचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे तो तेरापटींहून अधिक झाला. गाडी उलटली, सात माणसे दगावली. चालकाला क्षणभर डुलकी लागली असावी, असे चौकशीत निघाले. डुलकी कोणालाही लागते. परंतु सरळ रुळाच्या टोकाला इतके आखूड वळण असले, की तिला क्षमा उरत नाही.

पुढे तेथे ठळक सूचनाफलक लागले आणि वेग वाढल्यास ट्राम आपोआप थांबविणारी यंत्रणा आली. वळण मात्र पूर्वीच्याच जागी आहे.